नानकटाईचा हिशेब

(मंडळाच्या महिला शाखेच्या आषाढातील मासिक सभेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)

अध्यक्षबाई, कार्यकारिणीच्या सभासद भगिनी, आणि "बायकांच्या सभेत आम्ही कशाला" म्हणत आलेले पण चहापर्यंत नक्की थांबणारे मागच्या रांगेतले बंधू, सगळ्यांना नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात मुलांचा आनंदमेळा भरवायचा आणि त्यातून जमलेला पैसा गरजू मुलांच्या परीक्षा-शुल्कासाठी द्यायचा, असं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. त्यानिमित्त "तुम्ही शाळेत इतकी वर्षं गृहविज्ञान शिकवलंत, मेळे भरवलेत, तर दोन शब्द सांगा" असा मला निरोप आला. दोन शब्द सांगायला बोलावलं की मास्तरीणबाई दोन तास बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे. मी पाऊण तासात आवरीन.

गेल्याच महिन्यात माझा नातू शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आला. शाळेत 'बेक सेल' आहे, प्रत्येक मुलानं घरी भाजलेले पदार्थ आणायचे, ते विकून आलेला पैसा एका चांगल्या कामाला जाणार. सूनबाई म्हणाली, "आई, बेक सेल म्हणजे काय?" मी म्हटलं, "अगं, आपला आनंदमेळाच. फक्त भेळ आणि बटाटेवडा वजा." तिनं लगेच फोनवर तीस कपकेकची ऑर्डर द्यायला घेतली. नातू म्हणाला, "पण चिठ्ठीत लिहिलंय, घरी केलेलं पाहिजे." मग आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि शेवटी माळ्यावरचा माझा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन खाली आला. तोच तो, वर काचेची खिडकी असलेला, कापडी वेष्टणाच्या वायरचा. अजून चालतो.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना आठवेल, आपल्या लहानपणी घरात ओव्हन नव्हताच. दिवाळीच्या आधी आठ दिवस नानकटाई भट्टीवर जायची. आई मैदा, पिठीसाखर आणि तूप मोजून डब्यांत भरायची, आणि आम्ही भावंडं ते डबे सायकलला अडकवून बेकरीत न्यायचो. तिथे नंबर लागायचा. बेकरीवाला पत्रे द्यायचा, भाजणावळ किलोच्या हिशेबानं घ्यायचा. आम्ही तिथेच बाकावर बसून गोळे वळायचो, वरती अंगठ्यानं खळगा करून चारोळी दाबायचो. आपले पत्रे दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळू नयेत म्हणून आई गोळ्यावर काट्यानं खूण करायची. तरी अदलाबदल व्हायचीच, आणि मग "त्यांच्यात डालडा होता, आपलं शुद्ध तूप होतं" हा विषय भाऊबीजेपर्यंत पुरायचा.

बेकरीवाला नानकटाई पहाटे घ्यायचा नाही, दुपारी घ्यायचा. त्याचं कारण मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. लाकडाची भट्टी पहाटे पावासाठी चांगली तापलेली असते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरायला लागते, आणि नानकटाईला तो उतरता, मंद ताव हवा असतो. कडक तावात ती वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. घरच्या ओव्हनमध्ये हेच आपण १६० ते १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटं ठेवून साधतो.

आता मेळ्याच्या गोष्टीकडे येते. ही गोष्ट १९९२ सालची आहे. मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. शाळा हिंदी माध्यमाची, पण वस्ती मिल-कामगारांची, आणि मराठी घरंही बरीच. त्या वर्षी वस्तीतली मिल बंद पडली होती. घराघरांत बाप घरी बसलेला, आई पापड लाटतेय, नाहीतर चार घरची धुणीभांडी करतेय. दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि माझ्या वर्गातल्या सात मुलींनी फी आणली नाही. "सर मागतील तेव्हा देऊ" म्हणाल्या. त्यांना विचारायचं तरी काय? दिसत होतं सगळं.

मी मोठ्या उत्साहानं आनंदमेळा काढला. वर्गातल्या प्रत्येक मुलीनं घरून नानकटाई, खारी शंकरपाळी, रव्याचा केक असं काहीतरी भाजून आणायचं. भट्टीवाल्यानं त्या दिवसापुरती भाजणावळ सोडली. आणि त्या सात मुलींना मी बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही काही आणू नका हं. तुम्ही नुसत्या या." मला वाटलं, मी त्यांची अडचण ओळखली, केवढी समजूतदार बाई मी!

मेळ्याच्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. मी पुढे झाले आणि मुलींना मेळ्याचा हेतू समजावून सांगितला. हेतू सांगता सांगता त्या सात मुलींची नावंही सांगितली. आपल्या मैत्रिणींसाठी आपण हे करतोय, हे मुलींच्या मनावर ठसावं, असा माझा विचार. टाळ्या झाल्या. मेळा झाला. इंदूरचा माणूस खाण्याच्या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही, पण त्या दिवशी करपलेली शंकरपाळीसुद्धा विकली गेली. सात फॉर्मांचे पैसे निघाले, वर थोडे उरले. मी खूष.

सातांपैकी एक मुलगी मात्र प्रार्थनेला होती आणि मेळ्यात नव्हती. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई ओट्यावर पापड लाटत बसली होती. उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "बाई, फी भरलीत, उपकार झाले. पण पोरगीला 'तू काही आणू नको' असं म्हणालात. आमच्या घरात पावभर मैदा नव्हता असं नाही."

मग तिनं फळीवरून एक डबा काढला. डब्यात वीस नानकटाया होत्या. जाड तव्यावर पातेलं पालथं घालून भाजलेल्या, एका बाजूनं जरा लागलेल्या. मुलीनं आदल्या रात्री जागून केल्या होत्या. मला न सांगता आणायच्या होत्या तिला. डबा घेऊन ती प्रार्थनेला उभी होती. आपलं नाव ऐकलं आणि डबा तसाच घेऊन घरी परतली.

मी पर्स उघडली, आणि तशीच मिटली. एक नानकटाई खाल्ली. चांगली झाली होती. वेलदोडा जरा जास्त होता.

ती मुलगी परीक्षेला बसली, पासही झाली. त्या काळी पास झालेल्या मुली पेढे घेऊन बाईंच्या घरी यायच्या. बाकीच्या सहाजणी आल्या. ती आली नाही.

मैत्रिणींनो, आज मी पाककृती सांगायला उभी राहिले असते तर पाच मिनिटांत बसले असते. हे सांगण्यासाठी उभी राहिले आहे. आपल्याला गणपतीत हेच काम करायचं आहे, आणि माझ्याकडून झालेली चूक फार चांगल्या मनानं होते, म्हणून ती पटकन दिसत नाही.

आता थोडा हिशेब करू. फळा नाही, पण तुम्ही सगळ्या घर चालवता, तोंडी जमेल.

समजा, मी मेळ्यासाठी नानकटाई केली. ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बेसन, ३०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम तूप. सगळं मिळून ११०० ग्रॅम. वीस-वीस ग्रॅमचे गोळे केले तर पंचावन्न होतात. दोन-तीन मोडतात, दोन-तीन "कशी झालीय बघू" म्हणत घरातली मंडळी खातात. विकायला पन्नास उरतात. ढोबळ भाव धरू. मैदा वीस रुपये, बेसन दहा, साखर अठरा, तूप एकशे ऐंशी, वेलदोडा बारा, गॅस किंवा वीज पंचवीस, कागदी पुड्या पंचवीस. बेरीज झाली २९० रुपये. यात तूपच अर्ध्याहून जास्त आहे, हे लक्षात ठेवा.

पाच रुपयांना एक विकली तर २५० रुपये येतात. म्हणजे चाळीस रुपयांचं नुकसान. आणि टेबलावरची मुलगी ओरडून सांगत असते, "बाई, सगळं संपलं!" दहा रुपयांना एक विकली तर ५०० येतात, त्यातून खर्च वजा जाता २१० उरतात. माझे अडीच तास, तिच्या आईचे अडीच तास, कोणी मोजत नाही. ते मोजले तर त्या २१० रुपयांचंही काही खरं नाही.

आता मागच्या रांगेतून कोणीतरी विचारणार, आणि त्यांनी विचारायलाच हवं, की "बाई, मग हा खटाटोप कशाला? मी २९० रुपये रोख देतो. वर दोनशे दहा घालून पाचशेच देतो. मैदा भिजवायचा, भाजायचा, आणि शेवटी आपल्याच पोरांनी आपल्याच खिशातून विकत घ्यायचा. पैसा या खिशातून त्या खिशात." अगदी खरं आहे. शाळेचा मेळा नुसता पैशासाठी करायचा असेल तर करूच नये. वर्गणी काढावी. आपल्याला वर्गणीची सवय आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हापासून पावतीपुस्तक आणि मराठी माणूस यांची फारकत झालेली नाही.

पण आपल्याकडे दुसरीही एक रीत आहे, आणि ती शिक्षणाच्या बाबतीतच जास्त दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गावोगावच्या बायकांना सांगितलं की दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढा. ज्यांच्या घरी पैसा हाताळायला मिळत नव्हता, त्या बाईचीही मूठ त्या पोत्यात पडत होती. आणि मुलांना त्यांनी फुकट बसवून खाऊ घातलं नाही. 'कमवा आणि शिका' म्हणत शेतात, बांधकामावर हात चालवायला लावले. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा मागत फिरून तो फंड जमवला होता.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे की या लोकांनी रक्कम लहान ठेवली, ती गरिबाला देता यावी म्हणून. मूठभर धान्य आणि एक पैसा, दोन्ही अशा मापाची गोष्ट आहे की जिच्या मुलाला मदत मिळणार आहे तिलाही तेवढं देता येतं. एकदा सगळ्यांची मूठ एका पोत्यात गेली की कोणती कोणाची हे कळत नाही. मी १९९२ साली नेमकं उलटं केलं. सात मुलींची मूठ बाहेर ठेवली, आणि नावं आत घेतली.

पुढच्या वर्षी मी मेळा बंद करणार होते. मुख्याध्यापिकाबाई जुन्या, कडक, माहेरच्या ग्वाल्हेरच्या. त्या म्हणाल्या, "चुकलं तिथं दुरुस्त कर. पळून जाऊ नकोस." मग आम्ही पद्धत बदलली, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती चालली. तीच पद्धत आपल्या मेळ्यासाठी सुचवते.

पहिली गोष्ट. घरून तयार पदार्थ कोणी आणायचा नाही. प्रत्येकीनं एक वाटी काहीतरी आणायचं. कोणी मैदा, कोणी साखर, कोणी रवा, जे घरात असेल ते. ते एका मोठ्या डब्यात जातं. तूप महाग, ते एकाच घरावर पडू नये, म्हणून ते मंडळानं घ्यावं. मग सगळ्या मुलांनी एकत्र बसून गोळे वळायचे. ज्या आईला नोकरीमुळे वेळ नाही, जिच्या घरी ओव्हन नाही, जिच्या घरी बाई येऊन स्वयंपाक करते, सगळ्यांची मुलं एकाच परातीभोवती बसतात. "माझ्या आईचे कपकेक तिच्या आईपेक्षा भारी" हा प्रश्नच उरत नाही. आणि मुलगे हात धुऊन बसतील हे पाहा. माझ्या नातवानं परवा चाळीस गोळे वळले. पहिले दहा लिंबाएवढे होते, पण पुढचे बरे जमले.

दुसरी गोष्ट. पैसा कोणासाठी जमतो हे सांगायचं, कोणाला मिळतो हे नाही. "परीक्षा-शुल्कासाठी" एवढं पाटीवर पुरे. नावं फक्त दोघांना माहीत असावीत, आणि शुल्क थेट शाळेच्या कचेरीत भरलं जावं. पाकीट हातात देतानाचे फोटो नकोत. स्मरणिकेतही नकोत. संपादकांनी इकडे लक्ष द्यावं.

तिसरी गोष्ट. किमतीची पाटी मुलांनी लिहावी, पण हिशेब करून. वर सांगितला तो हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. सातवीच्या मुलाला शेकडा नफा-तोटा पुस्तकात समजत नाही, तो तुपाच्या भावात लगेच समजतो. दिवसाच्या शेवटी जमा-खर्चाची वही त्यांनीच लिहायची. सुरुवातीला गल्ल्यात टाकलेले सुटे पैसे आधी वजा करायचे. हे मोठी माणसंही विसरतात, आणि मग दोनशे रुपये जास्त आले म्हणून आनंद होतो.

आता सगळे फोनवरून पैसे देतात. पोरगा नानकटाई देतो, समोरचे काका फोन दाखवतात, 'टुण' असा आवाज येतो. मुलाला पैसा दिसतच नाही, मोड द्यायची वेळ येत नाही. म्हणून मी म्हणते, आत येताना दारातच दहा-दहा रुपयांची कूपनं घ्यावीत, तिथे हवं तर फोननं द्या, आणि आत सगळा व्यवहार कूपनांवर व्हावा. शिवाय मेळ्याला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मंडळातर्फे दोन कूपनं द्यावीत, सगळ्यांना सारखी. मेळ्यात उभं राहून दुसऱ्यांचं खाणं बघणारं मूल मी पाहिलं आहे. हा खर्च मंडळाचा धरायचा, निधीतून कापायचा नाही.

चौथी गोष्ट खाण्याच्या काळजीची. मेळा भाद्रपदात आहे. हवा दमट. क्रीमचे केक, पेस्ट्री असलं काही ठेवू नका, दोन तासांत बिघडतं. कोरडा भाजका पदार्थ उत्तम. तो पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम भरलात की वाफ धरते आणि नानकटाई मऊ पडते. कशात अंडं आहे, कशात शेंगदाणा किंवा काजू आहे, हे पाटीवर स्वच्छ लिहा. काही मुलांना शेंगदाणा-काजूचा त्रास होतो, आणि बऱ्याच घरांत अंडं चालत नाही. दोघांचाही मान ठेवायचा.

शाळेत बेक सेल करणाऱ्या आयांसाठी एक सांगते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे नियम आहेत. चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आपली नानकटाई कितीही शुद्ध तुपातली असली तरी, मघाशी मापं सांगितली त्यात तूप-साखर मिळून निम्म्याहून जास्त आहे. तेव्हा शाळेत काही विकायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा, आणि टेबलावर भाजके चणे, परमल, फळांच्या फोडी, ताक हेही ठेवा. आपला मेळा मंडळाच्या सभागृहात आहे, तरी वीस ग्रॅमपेक्षा मोठा गोळा करू नका. एका मुलाला दोन पुरे.

आता ज्यासाठी बऱ्याच जणी वही-पेन घेऊन आल्या आहेत ते सांगते. मापं मघाशीच दिली. तूप वितळलेलं घ्यायचं नाही, थिजलेलं, लोण्यासारखं मऊ घ्यायचं. वितळलेल्या तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरून पोळी होते. तूप आणि पिठीसाखर हातानं किंवा रवीनं पांढरी होईपर्यंत फेसायची. याला दहा मिनिटं लागतात आणि सगळं यश त्यात आहे. फेसताना आत हवा कोंडली जाते, तीच नानकटाईला हलकी करते. मग मैदा-बेसन चाळून, चिमूटभर मीठ, पाव चमचा खायचा सोडा आणि चमचाभर दही घालून नुसतं एकत्र करायचं. सोड्याला आंबट लागतं, म्हणून दही. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता दात तपासते. या दिवसांत पीठ सैल वाटलं तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गोळ्यांमध्ये दोन बोटं अंतर सोडा. बाहेर काढताना ती मऊ लागते, म्हणून "अजून पाच मिनिटं" करू नका. गार झाल्यावर आपोआप कडक होते.

ओव्हन नसेल तर कुकर. रिंग आणि शिट्टी काढून टाकायची, तळाला जाड मीठ पसरायचं, त्यावर जाळी, दहा मिनिटं तापवून मग आत ताटली, आणि गॅस अगदी बारीक. तेही नसेल तर जाड तवा आणि वर पालथं पातेलं. एका बाजूनं जरा लागते, पण होते. मी खाल्ली आहे.

शेवटचं सांगून बसते. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. कुठे आहे मला ठाऊक नाही. इंदूर काही इतकं मोठं नव्हतं, पण आता झालं आहे. मी कोणाला तिचा पत्ता विचारला नाही. विचारून तरी काय सांगणार होते? पण त्यानंतर जेवढे मेळे भरवले, त्या प्रत्येक वेळी परातीभोवती बसलेल्या मुलींत फी कोणाची भरायची आहे हे बाहेरच्या माणसाला ओळखता येऊ नये, एवढी खबरदारी घेतली. एका वर्षी एक पाहुण्या बाई मला म्हणाल्या, "यातल्या गरीब मुली कोणत्या, त्यांच्याबरोबर मला फोटो काढायचाय." मी म्हटलं, "मला माहीत नाही." शाळेत बाईंनी खोटं बोलू नये असा नियम आहे, तो मी त्या दिवशी मोडला.

तर ठरलं. मेळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता सगळ्या मुलांना मंडळाच्या स्वयंपाकघरात पाठवा, नखं कापून. येताना प्रत्येकानं एक वाटी आणायची, जे घरात असेल ते. कोणी काय आणलं हे लिहून ठेवणारी वही दारात नसेल. आणि मेळ्याच्या दिवशी तुम्ही सगळे या, मागच्या रांगेतले बंधू खास करून. कूपनं भरपूर घ्या, उरलेली परत मागू नका.

गणपती बाप्पा मोरया.